बूट डिस्क हाताशी, मगच बायोसला हात



आपल्या घरात संगणक येतो तो कष्टाच्या पैशातून येतो. आईने बचत गटातून घेतलेले कर्ज, वडिलांनी ऊसतोडीच्या हंगामात मागे टाकलेले चार पैसे, थोरल्या भावाचा पुण्याच्या कंपनीतला पहिला पगार, असे कुठून कुठून जमवून जुन्या बाजारातला का होईना, एक संगणक घेतला जातो. त्यावर मुलगी अभ्यास करते, मुलगा नोकरीचे अर्ज भरतो, शेजारची माणसे दाखल्यांचे फॉर्म भरून घ्यायला येतात. आणि एके दिवशी कुणीतरी मुलाला सांगतो, "तुझा बायोस जुना झालाय, अपडेट मार." मुलगा उत्साहाने बसतो, अर्ध्यावर लाईट जाते, आणि धडधाकट संगणक लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहतो. हे टाळता येते. ते कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी बायोस म्हणजे काय ते पाहू. संगणकाचे बटण दाबल्यावर विंडोज लगेच सुरू होत नाही. त्याच्याही आधी मदरबोर्डवरच्या एका लहान चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम जागा होतो. तो मेमरी तपासतो, कीबोर्ड तपासतो, हार्ड डिस्क शोधतो आणि मग विंडोजच्या हाती कारभार देतो. हाच बायोस. नव्या संगणकांत त्याची सुधारलेली जात असते, तिला यूईएफआय म्हणतात. पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात. विंडोज बिघडली तर ती पुन्हा टाकता येते, कारण टाकण्याचे काम करायला बायोस जागा असतो. बायोसच पुसला गेला तर मात्र संगणकाला उठवायला कुणीच उरत नाही. म्हणून या कामाला जपून हात घालायचा.

सुरुवातीच्या काळात हा प्रोग्रॅम चिपमध्ये कायमचा कोरलेला असे. बदलायचा तर चिपच बदलावी लागे. नव्वदीच्या दशकात फ्लॅश चिपा आल्या आणि बोर्डवरून न काढताच चिपेतला मजकूर पुसून नवा लिहिता येऊ लागला. सोय झाली, तसा धोकाही आला. तो धोका किती मोठा आहे हे २६ एप्रिल १९९९ रोजी जगाला कळले. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने १९९८ मध्ये सीआयएच नावाचा व्हायरस लिहिला होता. तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुभट्टीचा अपघात २६ एप्रिलचाच (१९८६), म्हणून लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणू लागले. ती भट्टी आज युक्रेनमध्ये आहे. विंडोज ९५ आणि ९८ वर चालणारा हा व्हायरस त्या तारखेला हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून टाके आणि काही मदरबोर्डांवर तर बायोसच्या चिपेतही कचरा लिही. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात तेव्हा लाखो संगणक बंद पडले, आणि भारतालाही त्याची झळ लागली. सकाळी बटण दाबले आणि पडदा काळाच राहिला, असा तो दिवस.

त्या काळी आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात घरोघरी संगणक नव्हते. असला तर बँकेत, कचेरीत, लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीच्या दुकानात नाहीतर क्लासमध्ये. तिथली जाणती मुले बायोस अपडेट करायचा झाला तर विंडोजमधून कधी करत नसत. त्यासाठी ती एक फ्लॉपी तयार करत. हीच बूट डिस्क.

तिच्यामागचे कारण साधे आहे. विंडोज चालू असताना आत एकाच वेळी पन्नास कामे चाललेली असतात. अँटिव्हायरस चालू, प्रिंटर चालू, इंटरनेट चालू. चिपेत लिहिणे सुरू असताना यातल्या एकाने जरी संगणक अडकवला तर चिप अर्धी जुनी, अर्धी नवी राहते, आणि अर्धा बायोस म्हणजे बायोस नसल्यासारखेच. बूट डिस्कवरून संगणक सुरू केला की विंडोजला उठवायचेच नाही. फक्त डॉस उठते, आणि डॉस एका वेळी एकच काम करते. स्वयंपाकघरात दूध उतू जाण्याच्या बेतात असताना आपण गोष्टी सांगत बसत नाही, तसेच हे.

त्या फ्लॉपीत १.४४ एमबी जागा असे. त्यात डॉसच्या दोन-तीन फायली, चिपेत लिहिणारा प्रोग्रॅम आणि नवा बायोस इतके सगळे बसे, कारण तेव्हाचा बायोस १२८ किंवा २५६ केबीचा असे. उरलेल्या जागेत जुन्या बायोसची नक्कल उतरवून ठेवत. नवा पटला नाही तर जुना परत घालता यावा म्हणून. आज एकेका बायोसची फाईल १६ किंवा ३२ एमबीची असते. १६ एमबीची फाईलच ठेवायची म्हटली तर १२ फ्लॉप्या लागतील. म्हणून फ्लॉपीची जागा पेनड्राइव्हने घेतली. रीत मात्र तीच राहिली.

आता मुलांनी वही-पेन घ्यावे. कामाचा क्रम असा.

पहिली गोष्ट, अपडेट हवा आहे का? संगणक नीट चालत असेल आणि काही अडत नसेल तर बायोसला उगीच हात लावू नये. नवा प्रोसेसर बसवायचा आहे, मेमरी ओळखली जात नाही, किंवा कंपनीने सुरक्षेतली त्रुटी दुरुस्त केली आहे, अशी कारणे असतील तरच पुढे जावे. विंडोज १० ला मिळणारे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून विंडोज ११ टाकण्यासाठी बायोस बदला, असे सल्ले फार मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय लागते. बऱ्याच बोर्डांत ती असतेच, फक्त सेटिंगमध्ये बंद ठेवलेली असते. ती आधी तपासावी. एका सेटिंगने भागत असेल तर चिप पुसायची जोखीम कशाला घ्यायची?

दुसरी गोष्ट, आपला बोर्ड नेमका कोणता? विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून एमएसइन्फो३२ असे इंग्रजीत टाइप केले की बोर्डाचे नाव, बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते. बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांकही वाचावा. नाव तेच पण रिव्हिजन वेगळे असेल तर फाईलही वेगळी असू शकते. लॅपटॉप किंवा तयार कंपनीचा संगणक असेल तर त्याच्या पाठीवरच्या मॉडेल नंबराप्रमाणे जावे. फाईल घ्यायची ती बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. मित्राच्या पेनड्राइव्हमधून नाही, आणि "तुमचा संगणक धोक्यात आहे" म्हणत पडद्यावर उड्या मारणाऱ्या जाहिरातीतून तर मुळीच नाही. सोबतच्या सूचना वाचाव्यात. कधी मधली एखादी आवृत्ती आधी घालावी लागते, कधी नव्यावरून जुन्यावर परत येता येत नाही.

तिसरी गोष्ट, पेनड्राइव्ह. त्यातले आपले फोटो, कागदपत्रे आधी दुसरीकडे काढून ठेवा, कारण तो पूर्ण पुसला जाणार आहे. आजच्या बहुतेक बोर्डांत चिपेत लिहिण्याची सोय बायोसच्या पडद्यातच दिलेली असते. तसा बोर्ड असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करायचा, झिपमधली बायोसची फाईल उघडून त्यात ठेवायची आणि बायोसच्या पडद्यातूनच ती निवडायची. झाली तुमची डिस्क.

जुन्या बोर्डात ती सोय नसेल तर खरी बूट डिस्क करावी लागते. त्यासाठी रुफस नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. तो उघडून डिव्हाइसच्या रकान्यात आपलाच पेनड्राइव्ह निवडला आहे ना, हे दोनदा पाहावे. बूट सिलेक्शनमध्ये फ्रीडॉस निवडावे आणि स्टार्ट दाबावे. फ्रीडॉस म्हणजे जुन्या डॉससारखीच, पण सर्वांना मोफत असलेली डॉस. तिचे काम १९९४ मध्ये सुरू झाले. डिस्क झाली की कंपनीने दिलेला लिहिणारा प्रोग्रॅम आणि बायोसची फाईल तीत घालावी. फाईलचे नाव आठ अक्षरांच्या आत असेल तर डॉसमध्ये टाइप करायला सोपे जाते. नव्या, फक्त यूईएफआय असलेल्या बोर्डांवर ही डॉसची डिस्क उठत नाही. तिथे वरचाच मार्ग. जुन्या बोर्डावर लेगसी बूट चालू करावे लागले तर काम झाल्यावर ते सेटिंग पूर्वीसारखे करावे, नाहीतर विंडोज उठणार नाही.

डिस्क झाली की एकदा रंगीत तालीम करावी. काहीही न लिहिता नुसता संगणक तिच्यावरून सुरू होतो का, दोन्ही फायली दिसतात का, एवढे पाहून परत बंद करावा. प्रोग्रॅममध्ये जुन्या बायोसची नक्कल ठेवण्याची सोय असेल तर ती आधी घ्यावी.

चौथी गोष्ट, घरातली कागदपत्रे आणि सेटिंगे. महत्त्वाच्या फायलींची नक्कल बाहेर काढावी. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो घ्यावा, कारण अपडेटनंतर सेटिंगे मूळ पदावर जातात. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर ते तात्पुरते थांबवावे आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. हे विसरले तर अपडेट नीट होऊनही संगणक ४८ आकडी किल्ली मागत बसतो आणि आत जाऊ देत नाही.

पाचवी गोष्ट लाईटची, आणि आपल्याकडे हीच सर्वांत मोठी. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जरही लावलेला हवा. टेबलावरचा संगणक असेल तर यूपीएस हवाच. घरी नसेल तर ओळखीच्या दुकानातून तासाभरासाठी आणावा. पण यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नये; त्याची बॅटरी म्हातारी झालेली असू शकते. आधी साधे काम चालू असताना भिंतीतला प्लग काढून पाहावा. दहा-पंधरा मिनिटे संगणक तग धरतो का? मधेच बंद पडला तर त्या यूपीएसवर भरवसा ठेवू नये. घरच्या इन्व्हर्टरचेही तसेच आहे. लाईट जाताना एका क्षणाच्या झटक्याने काही संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतात.

दिवसही निवडून घ्यावा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग भरून येतात, वारा सुटतो आणि तारा लोंबकळतात; तेव्हा हे काम नको. नळाला पाणी येण्याचा वार टाळावा, कारण गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि व्होल्टेज पडते. सकाळची निवांत वेळ बरी. घरात सर्वांना सांगून ठेवावे की अर्धा तास मेन स्विचजवळ कुणी जायचे नाही, मिक्सर लावायचा नाही, लहानग्यांना संगणकाजवळ येऊ द्यायचे नाही. एका घरातले हे काम आहे. ते एकट्या मुलाचे समजू नये.

आता लिहायला सुरुवात केली की हात जोडून बसायचे. दोन मिनिटे लागोत की दहा, बटण दाबायचे नाही, पेनड्राइव्ह काढायचा नाही. मधे पडदा काळा होतो, संगणक आपोआप दोन-तीनदा बंद-चालू होतो. घाबरून जाऊन कुणी बटण दाबले तर तिथेच घात होतो. काम संपले असे पडद्यावर आले की मग फोटो पाहून सेटिंगे लावावीत आणि तारीख-वेळ तपासावी.

आणि इतके करूनही बिनसले तर? तर रडत बसू नये, आणि बोर्ड भंगारातही देऊ नये. काही बोर्डांवर दुसरी राखीव चिप असते. काहींवर मागे एक बटण असते. पेनड्राइव्ह लावून ते दाबले की बोर्ड स्वतःच फाईल वाचून घेतो. जुन्या बोर्डांतही बूट ब्लॉक नावाचा लहान भाग बहुधा शाबूत राहतो, आणि तो फ्लॉपीवरून बायोस परत घेऊ शकतो. यातले काहीच जमले नाही तर दुरुस्तीवाल्याकडे चिपेत नव्याने लिहिणारे प्रोग्रॅमर नावाचे यंत्र असते. "मदरबोर्ड गेला, नवा घ्या," असे कुणी म्हणाले तर लगेच पैसे मोजू नयेत. "चिपेत बायोस पुन्हा लिहून होईल का?" एवढा एक प्रश्न विचारावा. नव्या बोर्डाच्या मानाने ते काम पुष्कळ स्वस्तात होते. उत्तर नाही आले तर दुसऱ्या दुकानात विचारावे.

शेवटी, ज्या वहीत हे लिहून घेतले त्या वहीच्या पहिल्या पानावर बोर्डाचे नाव, रिव्हिजन, बायोसची आवृत्ती, अपडेट केल्याची तारीख आणि रिकव्हरी की लिहून ठेवा. ती वही रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. मुलगा उद्या कामाला बाहेरगावी गेला तरी धाकटी बहीण ती उघडून संगणक सांभाळू शकेल.