प्रमाणपत्र यादृच्छिकतेचे, दावा न्यायाचा

परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत टळून गेल्यावर तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. शुल्काचे पैसे त्याने एका परदेशी संकेतस्थळावर, जॅकपॉटच्या यंत्रावर घालवले होते. मी सहजच म्हणाले, "अरे, फसवलं तुला त्यांनी." त्यावर तो शांतपणे उत्तरला, "नाही मॅडम, साइट फेअर आहे. सर्टिफिकेट आहे त्यांच्याकडे. माझंच नशीब फुटकं."

या वाक्याने तेव्हापासून माझी पाठ सोडलेली नाही. पैसे गेले ते गेले. पण नेणाऱ्याला न्यायी ठरवून गमावणाऱ्याने स्वतःलाच दोषी मानावे, ही करामत कशी साधली? माझ्या मते ती एका शब्दाने साधली आहे: 'फेअर'. जुगार नैतिक की अनैतिक, या पुरातन वादात मला शिरायचे नाही. माझा आक्षेप त्याहून मर्यादित आहे. या धंद्यात ज्याला न्याय म्हटले जाते ती केवळ यादृच्छिकता असते, आणि पारदर्शकतेच्या नावाखाली जो आकडा दाखवला जातो त्यातून खेळणाऱ्याला सर्वांत आवश्यक गोष्ट कळत नाही: त्याच्या खेळाची किंमत.

प्रथम प्रमाणपत्राकडे पाहू. प्रयोगशाळा काय तपासते? यंत्रातून निघणाऱ्या यादृच्छिक संख्या पूर्वअंदाजाच्या पलीकडच्या आहेत ना, एका खेळीचा दुसरीवर परिणाम होत नाही ना, आणि आराखड्यात लिहिले आहे त्याप्रमाणेच यंत्र पैसे देते ना. ही तपासणी आवश्यक आहे आणि ती प्रामाणिकपणे होते, हे मी वादासाठी मान्य करते. पण मुळात तो आराखडा खेळणाऱ्याच्या किती विरुद्ध झुकलेला आहे, हे सांगणे त्या प्रमाणपत्राचे कामच नाही. वाण्याच्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असला म्हणजे किलो हा किलोच भरेल एवढेच सिद्ध होते. भाव वाजवी आहे असे सिद्ध होत नाही. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर छापील किंमत नसेल तर आपण दुकानदाराशी भांडतो. इथे मात्र काट्यावरचा शिक्का दाखवून भाव झाकला जातो, आणि गिऱ्हाईक शिक्का पाहून नमस्कार करते.

भाव झाकण्याची ही कला जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे यांनी बनवलेल्या 'लिबर्टी बेल' यंत्रात तीन फिरती चाके होती आणि प्रत्येकावर दहा थांबे. म्हणजे एकूण १,००० शक्यता. चिकाटीने पाहणाऱ्याला चाकावरची चिन्हे मोजता येत होती. १९८४ साली इंगे टेलनेस यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले आणि ही मोजणी संपली. त्यांच्या पद्धतीत निकाल ठरवते यादृच्छिक संख्या. चाक केवळ तो निकाल दाखवण्यापुरते फिरते. उदाहरणच घ्यायचे तर, चाकावर बावीस थांबे दिसत असले आणि जॅकपॉटचे चिन्ह प्रत्येक चाकावर एकदाच असले, तर डोळ्यांना वाटणारी शक्यता १०,६४८ मध्ये एक. पण आत प्रत्येक चाकासाठी चौसष्ट थांब्यांचे अदृश्य चाक असेल आणि त्यातला एकच थांबा जॅकपॉटच्या वाट्याला दिलेला असेल, तर खरी शक्यता २,६२,१४४ मध्ये एक. इतकेच नव्हे, जॅकपॉटच्या चिन्हाच्या लगत वर-खाली असलेल्या रिकाम्या जागांना अदृश्य चाकावर जास्त थांबे देता येतात. मग ते चिन्ह रेषेच्या किंचित वर किंवा किंचित खाली वारंवार थांबते आणि खेळणारा म्हणतो, "थोडक्यात हुकलं!" खरे तर काहीही थोडक्यात हुकलेले नसते. महाजालावरच्या यंत्रात तर लोखंडी चाकही उरले नाही. आहे ते निव्वळ चित्र. संख्या पूर्णपणे यादृच्छिक, प्रमाणपत्र पूर्णपणे खरे, आणि तरीही डोळ्यांसमोरचा देखावा शक्यतेबद्दल खोटे बोलणारा. या खोटेपणाला 'अन्फेअर' म्हणण्याची सोय प्रमाणपत्राच्या परिभाषेत नाही.

आता त्या प्रसिद्ध टक्केवारीकडे वळू. इंग्रजीत तिला 'रिटर्न टू प्लेअर' म्हणतात. मराठी जाहिराती 'परतावा' म्हणतात. मराठीच्या अध्यापकाला इथे थांबावेच लागते. परतावा म्हटले की आपल्या मनात ठेव येते, व्याज येते, मुद्दलाहून अधिक काहीतरी हाती येणे येते. '९६ टक्के परतावा' या शब्दांचा अर्थ मात्र असा की लावलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी चार रुपये मालकाचे. तेच वाक्य 'हे यंत्र सरासरी शंभरातले चार रुपये ठेवून घेते' असे लिहिता आले असते. गणित तेच, परिणाम तोच नव्हे. फिलिप न्यूऑल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली हेच तपासले. यंत्र किती 'परत करते' हे सांगण्याऐवजी किती 'ठेवते' हे सांगितले, तर लोकांना अर्थ अधिक नीट कळतो आणि जिंकण्याची शक्यता त्यांना कमी वाटते, असे त्यांना आढळले. म्हणजे धंद्याने दोन समानार्थी वाक्यांपैकी नेमके कमी समजणारे वाक्य पसंत केले आहे. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

शिवाय ही टक्केवारी खिशातल्या रकमेवर नसून लावलेल्या प्रत्येक रकमेवर असते. दहा रुपयांची खेळी, दर तीन सेकंदांनी एक. तासाला १,२०० खेळ्या, १२,००० रुपयांची उलाढाल. ९६ टक्क्यांच्या यंत्रावर त्या तासाची सरासरी किंमत ४८० रुपये. ८८ टक्क्यांच्या यंत्रावर १,४४०. सिनेमाचे तिकीट असे विकले जात नाही. 'तासाला इतके रुपये' हे वाक्य पडद्यावर लिहायला कोणते तंत्रज्ञान अपुरे पडते?

जॅकपॉटच्या खेळात हा गोंधळ परिसीमा गाठतो. 'मेगा मूला' हा खेळ मायक्रोगेमिंग कंपनीने २००६ साली आणला. अनेक संकेतस्थळांवरच्या खेळ्यांतला छोटा हिस्सा एका सामाईक गंगाजळीत जमत जातो आणि कधीतरी तो एकाच्याच पदरात पडतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका सैनिकाने २५ पेन्सच्या खेळीवर १ कोटी ३२ लाख पौंड जिंकले. त्याची नोंद गिनीज बुकात झाली. या खेळाचा मूळ परतावा सुमारे ८८ टक्के. त्यात जॅकपॉटच्या गंगाजळीत जाणारे पाचेक टक्के मिळवले की तो ९३ च्या वर जातो. दोन्ही आकडे खरे. पण ते पाच टक्के 'खेळाडूला परत' जातात म्हणजे नेमके कोणाला? त्या एका सैनिकाला. उरलेल्या लक्षावधींच्या आयुष्यात ते कधीच परत येत नाहीत. त्यांचे यंत्र ८८ टक्क्यांचेच असते. शंभर माणसांच्या पंगतीत एकाला शंभर लाडू वाढून 'दरडोई एक लाडू' अशी नोंद करावी, त्यातला हा प्रकार.

ब्रिटनच्या लॉटरीत ५९ आकड्यांतून सहा जुळवायचे असतात; शक्यता ४,५०,५७,४७४ मध्ये एक, हे कोणालाही गणिताने काढता येते. जॅकपॉट यंत्राची शक्यता बाहेरून काढताच येत नाही, कारण ती आराखड्याच्या कागदात बंद असते. कॅनडात केव्हिन हॅरिगन आणि माइक डिक्सन या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांना असे कागद मिळवण्यासाठी माहितीच्या कायद्याचा आधार घ्यावा लागला. त्यांतून दिसले ते असे, की बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या एकाच खेळाच्या वेगवेगळ्या परताव्यांच्या आवृत्त्या असतात. महाजालावरही तीच रीत आहे: नाव तेच, चित्रे तीच, संगीत तेच, भाव मात्र मालकाच्या पसंतीचा.

या पार्श्वभूमीवर मुंबईचा मटका आठवून पाहा. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी तो रुजवला. तो बेकायदा होता, त्याने गिरणगावातले कितीतरी संसार धुळीला मिळवले, त्याची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. पण शून्य ते नऊ असे दहा आकडे, आणि एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये, हा हिशेब अंगठाबहाद्दर हमालालाही तोंडपाठ होता. दहातला एक रुपया धंद्याचा, हे तो न शिकता जाणत होता. आकडा काढताना लबाडी होई की नाही हा प्रश्न वेगळा. भाव तरी उघडा होता. परवाना, प्रयोगशाळा आणि प्रमाणपत्र असलेल्या आधुनिक धंद्याला वरळीच्या मटक्याइतकेही उघडे होता येऊ नये, यात काय ते आले.

यावर तीन उत्तरे नेहमी मिळतात.

पहिले: सज्ञान माणूस स्वेच्छेने खेळतो. मान्य, पण किंमत ठाऊक नसताना केलेल्या निवडीला स्वेच्छा म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. आणि स्वेच्छेचा इतका आदर असेल, तर वीस रुपये लावून सहा परत आल्यावर यंत्र विजयाची तुतारी का फुंकते? चौदा रुपयांच्या तोट्याला विजय म्हणण्याचा हा प्रकार ब्रिटनच्या नियामकांनी ऑक्टोबर २०२१ पासून बंद केला, आणि अडीच सेकंदांपेक्षा वेगवान खेळीही बंद केली. म्हणजे नियम करता येतात; इच्छा हवी.

दुसरे उत्तर नीतिवाद्यांचे: जुगार हे पाप, पापात कसली आली पारदर्शकता? कौटिल्याला द्यूत प्रिय नव्हते. तो त्याला व्यसनांतच गणतो. तरीही अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नेमला आहे, फासे त्यानेच पुरवायचे आहेत, ते बदलणाऱ्याला दंड आहे, आणि जिंकलेल्या धनातला शंभरास पाच हा वाटा स्पष्ट लिहिला आहे. पाप मानूनही त्याचा भाव ठरवता येतो, इतके व्यवहारज्ञान आपल्याकडे होते.

तिसरे उत्तर आजचे: आता बंदीच आहे. खरे आहे. महाराष्ट्राने १९७६ चा, कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. बंदीला माझा विरोध नाही. पण परदेशातून चालणारी संकेतस्थळे कायदा वाचून दिवे मालवत नाहीत. आणि 'बंदी आहे' म्हटले की समजावण्याची जबाबदारी आपण झटकतो. चोरून खेळणारा मुलगा मग त्या संकेतस्थळावरच्या प्रमाणपत्रावरच विश्वास ठेवतो, कारण दुसरे कोणी त्याला काही सांगितलेलेच नसते.

जिथे हा खेळ कायदेशीर आहे तिथे मागण्या साध्या असाव्यात: यंत्र शंभरातले किती ठेवते ते पहिल्याच पडद्यावर, जॅकपॉट वगळून, जॅकपॉटची शक्यता 'इतक्या खेळ्यांत एक' अशा शब्दांत, आणि तासाची सरासरी किंमत रुपया-पौंडात. जिथे तो बेकायदा आहे तिथे हेच गणित वर्गात शिकवावे.

वनपर्वातल्या नलोपाख्यानात द्यूतात राज्य हरलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन विदर्भाकडे निघतो. वाटेत राजा एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून सांगतो. नळाला खरे वाटत नाही. तो झाड तोडून स्वतः मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. मग राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो. आणि ते कळताच इतके दिवस अंगात भिनलेला कली नळाच्या देहातून बाहेर पडतो. उपदेशाने किंवा पश्चात्तापाने तो गेला नव्हता. संख्या कळल्यावर गेला.

त्या विद्यार्थ्याला मी नंतर कागदावर तासाचा हिशेब मांडून दाखवला. बराच वेळ तो कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हे तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं." नशिबाचा उल्लेख त्याने या वेळी केला नाही.