गोळी नाही म्हणजे इजा नाही?

वाडीत वानरांची टोळी शिरली की राखण करणारा हाताला लागेल ते उचलतो. पत्र्याचा डबा, बेचकी, नाहीतर सुतळी बॉम्ब. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूडच्या पट्ट्यात हे रोजचेच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने इथल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. त्यानंतर लावलेल्या झाडांकडून उत्पन्नाची आशा धरायचे दिवस आता कुठे येत आहेत, आणि नेमके त्यांचेच कोवळे कोंब माकडे ओरबाडतात, रानडुकरे बुंधे उकरतात. अशा वेळी बागायतदाराला राग आला तर नवल नाही.

काही घरांत परवान्याची बंदूक असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. पण हा परवाना बंदूक बाळगण्याचा, प्राणी मारण्याचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार माणसाच्या जिवावर बेतले असताना स्वसंरक्षणासाठी वन्यप्राणी मारला गेला, तर तो गुन्हा ठरत नाही. नारळ वाचवण्यासाठी मात्र अशी आपोआप मुभा नाही, त्याला वन खात्याची परवानगी लागते. त्यात निवडणूक लागली की अनेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. वानरांना आचारसंहिता नसते! मग जबाबदार परवानाधारकही जीव न घेणारे साधन शोधू लागतो.

हा शोध योग्यच आहे. अडचण अशी, की बंदुकीबाबत पाळली जाणारी शिस्त या ‘निरुपद्रवी’ साधनांबाबत कोणी पाळत नाही. बंदूक कपाटात कुलूपबंद, आणि कार्बाइडचा पाइप पडवीत, नातवंडांच्या हाताशी.

माकडे पळवायची बंदूक म्हणून हा पाइप मिळतो किंवा व्हिडिओ पाहून घरीच बनवला जातो. प्लास्टिकचा पाइप, गॅस पेटवायचा लायटर, कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि थोडे पाणी. खड्यांवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो, ठिणगी पडली की स्फोट. छर्रा नाही, गोळी नाही, म्हणून तो खेळण्यासारखा वाटतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात हाच पाइप फटाका म्हणून विकला गेला. भोपाळ आणि इतर शहरांतल्या रुग्णालयांत डोळे भाजलेली मुले भरती झाली. काहींची दृष्टी गेली.

अपघात बहुतेक एकाच पद्धतीने होतो. बार उडत नाही, म्हणून आत काय झाले ते पाहायला कोणीतरी पाइपाला डोळा लावतो आणि त्याच क्षणी तो उडतो. ज्वाळेने पापणी आणि बुबुळाचा पृष्ठभाग भाजतो, हे तर झालेच. पण कार्बाइड आणि पाण्याच्या क्रियेत वायूबरोबर चुनाही तयार होतो, तोच खायच्या पानाला लावतो तो. सौम्य आम्लाने डोळ्यातली प्रथिने गोठतात आणि तो गोठलेला थरच आम्लाला थोडाफार अडवतो. चुन्यासारखा अल्कली पेशींची आवरणे विरघळवत आत शिरतो. म्हणून चुन्याची जखम पहिल्या तासात किरकोळ भासली तरी नंतर बुबुळ पांढरे पडू शकते. त्यातून पाइप फुटला तर त्याचे तुकडे वेगळे.

असे झालेच तर डोळा चोळू नका. तूप, मध, गुलाबपाणी, मेडिकलमधून आणलेले कसलेही थेंब नकोत. पापण्या उघड्या धरून नळाच्या किंवा तांब्याच्या धारेखाली डोळा सलग अर्धा तास धुवावा, पापणीआड खडा दिसला तर तो धारेने वाहून जाऊ द्यावा आणि मग थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा. क्रम असाच हवा. आधी गाडी शोधण्यात गेलेली दहा मिनिटे बुबुळाला महाग पडतात. कार्बाइडने आंबा पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, हे रायगडच्या आंबा बागायतदारांना सांगायला नको. मग तेच खडे पडवीत कशाला?

कानाचेही तसेच. जवळून झालेला बंदुकीचा किंवा पाइपाचा एकच बार आतल्या कानातल्या केसपेशी कायमच्या मारू शकतो, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. कापसाचा बोळा पुरत नाही, कानावर बसणारे मफ हवेत.

त्यामानाने सौर झटका मशीन मला सर्वांत शहाणे साधन वाटते. तारेत हजारो व्होल्ट असले तरी झटका सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरताच बसतो आणि मध्ये साधारण सेकंदाची उसंत असते. त्यामुळे प्राणी किंवा माणूस हात सोडवू शकतो. घरची २३० व्होल्टची वीज थेट तारेत सोडली तर स्नायू आखडतात, हात सुटत नाही आणि मृत्यू येतो. महाराष्ट्रात शेतकरी अशाच तारांवर मेलेले आहेत. झटक्याच्या तारेखाली मात्र पावसाळ्यात रान माजते. गवत तारेला टेकले की झटका उतरतो. कोयता चालत राहिला पाहिजे.

राहता राहिला माणसापासून बचाव. मुले मुंबईला आणि वाडीत दोघे म्हातारे, अशी घरे किनाऱ्यावर कमी नाहीत. दिवेआगरच्या सुवर्ण गणेशाच्या चोरीत, मार्च २०१२ मध्ये, दोन रखवालदार मारले गेले, हे इथले लोक विसरलेले नाहीत. कोणी घुसलाच तर मिरचीचा फवारा बंदुकीपेक्षा बरा, कारण चूक झाली तरी ती बहुधा दुरुस्त होते. मिरचीतले कॅप्सायसिन उष्णतेची वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते (हा ग्राहक शोधण्यासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले). डोळे मिटतात, श्वास अडखळतो आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात त्रास ओसरू लागतो. मात्र दम्याच्या रुग्णाला आणि बंद खोलीत तो धोकादायक ठरू शकतो. आणि वारा पाहा. दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई. चोर समुद्राच्या बाजूने आला आणि तुम्ही दुपारी फवारलेत, तर फवारा तुमच्याच तोंडावर येईल. डोळ्यांत गेल्यास मोकळ्या हवेत पाण्याने धुवा, लेन्स असतील तर आधी काढा. दूध, तेल लावू नका.

या साधनांची तपासणी कोण करते? बंदुकीचा परवाना देताना अर्जदाराची पार्श्वभूमी पाहिली जाते. झटका मशीन मात्र ऑनलाइन विकले जाते आणि ते किती वीज सोडते हे गिऱ्हाईकाला कळत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे. तिथल्याच एखाद्या कोपऱ्यात ही यंत्रे लावून पाहावीत आणि चालणाऱ्यांची यादी तालुका कृषी कार्यालयात टांगावी, असे मला वाटते. पुढची निवडणूक आली आणि बंदुका जमा करायचा निरोप आला, तर त्याच कागदावर या यादीचाही उल्लेख असावा.