मोताळ्याची सडक आणि विद्यापीठांचे क्रीडावैभव

मोताळा तालुक्यातल्या सडकांवर भल्या पहाटे धावणारी मुले दिसतात, ती हौसेखातर धावत नाहीत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक असे पन्नास गुण असतात. कापूस-सोयाबीनच्या भावाने घर चालेनासे झाले की उरते ते हेच मैदान. यांतली कित्येक मुले महाविद्यालयांच्या हजेरीपटावर आहेत आणि प्रवेशाच्या वेळी त्यांनी क्रीडा शुल्कही भरलेले आहे. तरीही ती धावतात सडकेवर, ट्रकांच्या उजेडात.

दुसरीकडे उच्च शिक्षणातल्या खेळाला अलीकडे मोठा थाट आला आहे. २०२० साली भुवनेश्वरला विद्यापीठांच्या 'खेलो इंडिया' स्पर्धा सुरू झाल्या. त्यांचे थेट प्रक्षेपण होते आणि पदकतालिका झळकते. पहिल्या वर्षी चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाने अग्रस्थान मिळवले, २०२२ मध्ये बंगळूरच्या जैन विद्यापीठाने. सरकारी विद्यापीठाच्या पंक्तीला खाजगी विद्यापीठ बसले, आणि त्याबरोबर एक नवा व्यवहारही रूढ झाला. इतरत्र घडलेला खेळाडू शुल्कमाफी देऊन आणायचा, त्याचे पदक आपल्या नावावर मांडायचे आणि त्याचे छायाचित्र प्रवेशाच्या जाहिरातीत छापायचे. याला विद्यार्थ्यांना खेळ शिकवणे म्हणत नाहीत, खरेदी म्हणतात.

या वाटेचे टोक पाहायचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तेथील बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो. विद्यापीठाचा फुटबॉल अथवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. ज्यांच्या घामावर हा डोलारा उभा राहिला त्या खेळाडूंना 'हौशी' म्हणून अनेक दशके वेतन नाकारले गेले. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर एकेका विद्यापीठाला त्यांच्यासाठी वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याची मुभा मिळाली. मजुराला मजुरी मिळाली हे ठीकच झाले; पण विद्यापीठाचा कारखाना झाला होता, हेही त्यातून सिद्ध झाले.

यावर असे सांगितले जाते की खेळामुळेच गरिबाचे पोर वर येते. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत तिरंदाजीचे सांघिक सुवर्ण आणले, त्याचा अभिमान जिल्ह्यातल्या कोणाला नाही? परंतु एकाचे यश दाखवून हजारोंचे मैदान नाकारता येत नाही. खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्याच्या मागे बनावट क्रीडा प्रमाणपत्रांचा बाजारही उभा राहिला. मैदान दुर्मिळ आणि प्रमाणपत्र मोलाचे असले की दलाल येणारच.

वऱ्हाडाला तर हे उसन्या वैभवाचे वेड मुळीच शोभत नाही. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारले. १९३६ मध्ये त्याच मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. त्या कीर्तीच्या मुळाशी आखाड्याची माती होती, रोज कोणीही येऊन अंगाला लावावी अशी.

आज मोताळ्यासह बुलढाणा जिल्हा १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. पाच जिल्ह्यांच्या या विद्यापीठाचे मोजमाप पदकांवर करायचे, की किती विद्यार्थी आठवड्यातून तीनदा खेळतात यावर? २०१७ मध्ये राज्य सरकारने अध्यापक भरतीच थांबवली आणि पुढे ती तुकड्यातुकड्याने सोडली. प्रशिक्षकाविना मैदान म्हणजे गुरांचे कुरण, आणि जेथे मैदानच नाही तेथे तेही नाही. मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली हा विषय तर पदकांच्या गणितात येतच नाही.

हिशेब मागायचा कोणी? विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका १९९४ च्या कायद्याने गेल्या. २०१६ च्या कायद्याने त्या कागदावर परत आल्या आणि २०१९ मध्ये पुढे ढकलल्या गेल्या. तेव्हा हे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तालुक्यातील प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाकडे अर्ज द्यावा: गेल्या पाच वर्षांत क्रीडा शुल्क किती जमले, किती जणांवर खर्च झाले, आणि क्रीडा संचालकाचे पद केव्हापासून रिकामे आहे. उत्तरे हाती आली की ती पहाटेच्या सडकेवर मुलांना वाचून दाखवावीत.