पाठुंगळी

आबा गेले त्याला तीन महिने झाले होते. रात्री मुलीला ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांचं ‘द ब्रदर्स लायनहार्ट’ सांगत होतो. मांडीवर इंग्रजी पुस्तक, तोंडाने मराठी. छोटा कार्ल अंथरुणाला खिळलेला, आई लोकांचे कपडे शिवणारी आणि धाकट्यावर जीव टाकणारा थोरला जोनाथन. घराला आग लागते. जोनाथन कार्लला पाठुंगळी घेऊन खिडकीतून उडी मारतो. कार्ल वाचतो, जोनाथन जातो.

इथे माझी जीभ रेटेना. ‘दादाला खूप लागलं’ एवढंच म्हणून मी पान उलटलं. मुलीने ते पुन्हा मागे घेतलं. सात वर्षांची आहे, इंग्रजी वाचता येत नाही. पण एवढं भरगच्च पान एका वाक्यात संपत नाही, हे तिला कळतं.

‘‘मेला ना तो?’’

‘‘हो.’’

‘‘मग तसं सांग ना.’’

वीस वर्षं मी मुलांसाठी लिहितोय. माझ्या एकाही गोष्टीत कुणी मेलेलं नाही. हरवलेली शेळीसुद्धा दिवेलागणीच्या आत गोठ्यात परत येते. मुलांच्या जिवाला घोर नको, असं मी मनापासून मानत आलो. त्या रात्री पहिल्यांदा शंका आली, की हा घोर नक्की कुणाला नको होता?

हे पुस्तक १९७३ साली आलं, तेव्हा स्वीडनमध्येही मुलांना इतका मृत्यू दाखवावा का, यावरून टीका झाली होती. लिंडग्रेनबाईंना ते सुचायला त्यांच्या गावची, व्हिमरबीची, दफनभूमी कारण झाली. तिथल्या एका लोखंडी क्रूसावर दोन लहानग्या भावांची नावं होती, १८६० साली गेलेल्या. पण मला वाटतं, या गोष्टीचं मूळ आणखी खोल असावं.

त्यांचं स्वतःचं बालपण दृष्ट लागावी असं. नेस नावाचं शेत, एकमेकांवर जिवापाड प्रेम करणारे आईबाप, दिवसभर हुंदडायला मोकळं रान. आणि १९२६ साली, एकोणीस वर्षांच्या असताना, त्या लग्नाआधीच आई झाल्या. गावच्या वर्तमानपत्रात काम करत होत्या, मुलाचा बाप त्याच पत्राचा संपादक. बाळंतपण कोपनहेगनला झालं. बाळाला, लार्सला, तिथल्याच एका बाईंकडे सांभाळायला ठेवून त्या स्टॉकहोमला ऑफिसात नोकरी करू लागल्या. तिकिटापुरते पैसे साठले की गाडीत बसायचं, लेकराला भेटायचं, परत फिरायचं. हे तीन वर्षं चाललं. परतीच्या त्या गाडीत बसलेली ती कोवळी आई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांच्याच ‘मियो’च्या गोष्टीत स्टॉकहोमच्या बागेत बाकावर एकटा बसलेला परक्या घरचा मुलगा आहे. तो मला लार्सच वाटतो. मुलाचं जे देणं राहून गेलं, ते त्या पुस्तकापुस्तकांतून फेडत राहिल्या असाव्यात.

तो लार्स १९८६ साली त्यांच्याआधी गेला. त्या २००२ पर्यंत, चौऱ्याण्णव वर्षं जगल्या. म्हातारपणी बहिणींशी फोनवर बोलताना आधी ‘मृत्यू, मृत्यू’ असं म्हणून घ्यायच्या. तो विषय एकदाचा उरकला की मग बाकीच्या गप्पा. मी आबांच्या उशाशी आठ महिने बसलो. त्यांच्याशी हा शब्द एकदाही बोललो नाही. ते बोलू पाहत होते. मी औषधाची वेळ झाली म्हणून उठायचो.

पुस्तक संपायला दोन आठवडे लागले. शेवटी जोनाथनचं अंग लुळं पडतं. आता भित्रा कार्ल त्याला पाठीवर घेतो आणि अंधारात कड्यावरून उडी टाकतो. या वेळी मी काही गाळलं नाही. आवाज कापत होता, तसाच वाचत गेलो.

मुलगी बराच वेळ छताकडे बघत पडली होती. मग म्हणाली, ‘‘आधी दादाने त्याला घेतलं होतं. आता त्याने दादाला.’’

मी दिवा मालवला.

‘‘तू आबांना घेतलं होतंस, तसं.’’

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. शेवटच्या खेपेला स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडलं, तेव्हा मी आबांना पाठीवर घेऊन तीन मजले उतरलो होतो. त्यांची हनुवटी माझ्या खांद्याला टोचत होती. ते काहीतरी पुटपुटत होते, मला फक्त श्वास ऐकू येत होता. मुलीने यातलं काही पाहू नये म्हणून तिला आतल्या खोलीत बसवलं होतं. दार मीच लोटून घेतलं होतं.