हात तोकडे पडू लागले की…



या खेपेला पिकाचा विषय थोडा बाजूला ठेवून डोळ्यांचा विषय काढणार आहे. 'साहेब, तुम्ही डोळ्यांचे डॉक्टर कधी झालात?' असे कुणी विचारील. झालो नाही. पण माझ्या डोळ्यांमुळे एक चूक झाली आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याला बसला, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमच्या भागातले एक आप्पा आहेत. त्यांच्या अर्ध्या एकर मिरचीवर बोकड्या आला होता. शेंडे आकसलेले, पाने चुरडलेली. मी बांधावर उभा राहिलो, एक पान खुडले, हात लांब करून डोळ्यांपुढे धरले आणि सांगून टाकले, "फुलकिडे आहेत आप्पा." चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहून दिले. खरे सांगायचे तर मला पानावर काही म्हणजे काही दिसले नव्हते. पण तीस वर्षांची नोकरी, दिसले नाही असे म्हणायचे कसे?

आप्पांनी आठ दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या केल्या. बोकड्या वाढतच गेला. तिसऱ्या वेळी माझ्याबरोबर आमची नवी कृषी सहायक मुलगी होती. तिने पान हातात घेऊन हळूच विचारले, "सर, पान खाली वळलंय ना?" मग गळ्यातले भिंग डोळ्याला लावून पानाची खालची बाजू पाहिली आणि भिंग माझ्या हातात दिले. कोळी होते. पिवळसर, काचेसारखे, इकडून तिकडे पळणारे.

जाणत्यांना ठाऊक आहे की फुलकिड्यांनी मिरचीचे पान वरच्या बाजूला वळते आणि कोळ्यांनी खालच्या. मलाही ठाऊक होते. मी शेकडो सभांतून सांगितले आहे. फुलकिड्यांचे औषध कोळ्यांना चालेलच असे नाही, त्याला कोळीनाशक लागते. आप्पांचे दोन फवारण्यांचे पैसे आणि पंधरा दिवस मातीत गेले. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

घरी आल्यावर विचार केला, तेव्हा लक्षात आले की त्या दिवशी माझ्यापाशी एक नव्हे, दोन वस्तू नव्हत्या. फुलकिडा असतो सुमारे एक मिलिमीटरचा. धडधाकट नजरेला, शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला की तो चालताना दिसतो. चष्मा असता तर 'फुलकिडे नाहीत' एवढे तरी कळले असते. मिरचीवरचा कोळी मात्र मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. तो विशीतल्या पोरालाही नुसत्या डोळ्याने धड दिसत नाही. तिथे भिंगच लागते. वयाने गेलेली नजर चष्मा परत देतो. जे कुणालाच दिसत नाही ते भिंग दाखवते. खुरप्याचे काम कुदळीने होत नाही, तसेच हे आहे.

आपल्याकडे जवळच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात, ते उगाच नाही. डोळ्यात एक नैसर्गिक भिंग असते. जवळचे पाहताना ते फुगते, लांबचे पाहताना सपाट होते. चामड्याची नवी वादी हवी तशी वळते, जुनी झाली की ताठरते. तसे हे भिंग वयाने ताठर होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास त्याचा परिणाम जाणवू लागतो. हा रोग नाही. शहाण्याला होते, अडाण्याला होते, पुस्तक न उघडणाऱ्यालाही होते. 'चष्मा लावला की नंबर वाढतो' ही समजूत खोटी आहे. चष्मा लावा वा न लावा, साठीपर्यंत भिंग ताठरतच जाते.

आपल्याला चाळिशी लागली की नाही हे घरीच पाहता येते. सकाळच्या उजेडात ओट्यावर बसा. पंचांग किंवा वर्तमानपत्राचा बारीक मजकूर डोळ्यांपासून १६ इंचांवर धरा. एक डोळा तळव्याने झाका, पण दाबू नका. वाचा. मग दुसरा. कागद लांब नेला की अक्षर स्वच्छ होत असेल, तर चष्मा हवा. लांब नेऊनही एका डोळ्याला अंधुकच दिसत असेल, तर बाजारातला चष्मा घेऊ नका, डॉक्टर गाठा. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचणाऱ्याला एक डोळा अधू झाल्याचे वर्षानुवर्षे कळत नाही.

आणि आधी उजेड पाहा. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक-तृतीयांशच उजेड पोचतो. आमच्या घरी तांदूळ निवडताना खडे राहू लागले, तेव्हा हिचे डोळे तपासण्याआधी मी स्वयंपाकघरातला दिवा बदलला आणि निम्मी तक्रार गेली. उरलेल्या निम्मीसाठी चष्मा लागलाच.

आठवडी बाजारात तयार चष्मे मिळतात. ते अगदी टाकाऊ नाहीत. लांबचे स्वच्छ दिसत असेल आणि दोन्ही डोळे सारखे असतील तर काम भागते. चाळिशी नुकती लागली असेल तर अधिक १ च्या आसपास, पन्नाशीत दीड ते दोन, साठीला अडीच, असा ढोबळ अंदाज. ज्या सर्वांत कमी नंबराने बारीक अक्षर वाचता येते तोच घ्या. जास्त नंबराने अक्षर मोठे दिसते म्हणून मोह होतो, पण मग कागद नाकाशी धरावा लागतो. मात्र या चष्म्याने डोळ्यांची तपासणी होत नाही. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर चोरून नेतो. म्हणून चाळिशी लागली की एकदा तरी डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा. मधुमेह असेल तर दरवर्षी डोळ्याचा पडदाही तपासावा, आणि साखर आटोक्यात आल्यावरच नंबर काढावा. साखर वरखाली झाली की नंबरही हलतो.

चष्मेवाल्याला आपले काम सांगा. द्राक्षाच्या मांडवाखाली विरळणी करणाऱ्याला दुहेरी काचेचा चष्मा उपयोगी पडत नाही, कारण जवळचा नंबर असतो खालच्या बाजूला आणि घड असतात डोक्यावर. त्याने निव्वळ जवळचा चष्मा वेगळा करावा. उलट, दुहेरी काच लावून बांधावरून चालताना पायाखालचे अंधुक दिसते. मान वाकवून वरच्या काचेतून पाहावे, नाहीतर पाट चुकतो. जवळचा चष्मा लावून मोटारसायकल तर चालवूच नका.

'शेतीकामाला कशाला चष्मा?' असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आसामच्या चहामळ्यांतील चाळीस वर्षांवरील ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना आधी जवळचे चष्मे दिले, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मेवाल्यांची पाने खुडण्याची कामगिरी बाकीच्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक भरली. माणसे तीच, मळा तोच.

आपल्याकडे तर खुडणीपेक्षा मोठा प्रश्न औषधाच्या डब्याचा आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण दुरून दिसतो. लाल सर्वांत विषारी हेही माहीत असते. पण मात्रा, पाणी, मुदत आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करावी, हे सारे मुंगीएवढ्या अक्षरात. तिथे पाचाचे पन्नास वाचले तर पीक जळेल, पन्नासाचे पाच वाचले तर कीड मरणार नाही. दुकानदाराने तोंडी सांगितलेल्या मात्रेवर किती जण चालतात, ते मी रोज पाहतो. मोबाईलवर त्या कागदाचा फोटो काढून दोन बोटांनी मोठा करण्याची युक्ती मला माझ्या पुतण्याने शिकवली. अडचणीला चांगली आहे.

आता भिंग. किडीसाठी दहापट घडीचे भिंग घ्यावे. पुष्कळ जण ते पानावर धरून लांबून पाहतात आणि 'काही दिसत नाही' म्हणून ठेवून देतात. भिंग डोळ्याशी न्यावे आणि पान भिंगाजवळ आणावे, साधारण इंचभर अंतरावर. उन्हाकडे पाठ नको, पानावर उजेड पडू द्या. भिंगाची पट जितकी जास्त तितके ते आकाराने लहान असते, म्हणून दुकानातले बशीएवढे भिंग दहापट म्हणून कुणी गळ्यात मारले तर घेऊ नका. मोठे भिंग दोन-अडीच पटीचेच असते. त्याच्यातून सूर्याकडे पाहू नका आणि ते कडब्याजवळ उन्हात टाकू नका.

वाचण्यासाठी भिंग कुणी घ्यावे? योग्य चष्मा आणि भरपूर उजेड असूनही ज्यांना अक्षर लागत नाही, आणि डॉक्टरांनी पडद्याचा दोष सांगितला आहे, त्यांनी. बाकीच्यांनी चष्मा टाळायला भिंग वापरणे म्हणजे अंधारात काजवा धरणे.

उलटही घडते. सत्तरीची आजी एक दिवस म्हणते, "माझी नजर परत आली, बिनचष्म्याची पोथी वाचते." घरचे खूष. पुष्कळदा तो वाढत्या मोतीबिंदूचा खेळ असतो. त्याने जवळचे काही काळ सुधारते आणि लांबचे बिघडते. तिला दाखवून आणा. आणि एकाएकी पडदा पडल्यासारखे होणे, डोळ्यात विजा चमकणे, सरळ चौकट वाकडी दिसणे, लाल डोळा ठणकणे, यांत चष्म्याचा विचारच नको. त्याच दिवशी दवाखाना.

शेवटी मी आणि आप्पा एकाच एस.टी.ने सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात गेलो. माझा नंबर अधिक २ निघाला. आप्पांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरू लागला होता. त्यांना तो ठाऊकच नव्हता. चष्मा आला, आणि आठ दिवसांत आमच्या वहिनींनी तो सुई ओवायला पळवला. तो त्यांना जड पडे, डोके दुखे. मग त्यांचाही वेगळा नंबर काढून आणला. आता घरात चष्मे दोन झाले आहेत. वेळेला सापडत मात्र एकही नाही, अशी आप्पांची नवी तक्रार आहे.