झाकली मूठ कोणाच्या फायद्याची?

नोव्हेंबर २०१९ मध्ये शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्य महिलेवर अत्याचार करून तिचा खून झाला, तेव्हा आपले हैदराबाद रस्त्यावर उतरले. तो संताप खरा होता. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात, की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, कामावरचा वरिष्ठ. अशा वेळी रस्त्यावर कोणी उतरत नाही. घराचे दार लावून मुलीला सांगितले जाते, झाकली मूठ सव्वा लाखाची.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी मदत मागितली. ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाही, की कोणाला सांगितलेही नाही. ज्यांनी मागितली त्याही बहुतेक घरच्यांकडेच गेल्या. डॉक्टर किंवा वकिलापर्यंत पोहोचलेल्या फारच थोड्या.

आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेल्या छोट्या समाजात ही वाट आणखी अवघड होते. ओळखीचे डॉक्टर मंडळाचे सभासद, त्यांच्या पत्नी हळदीकुंकवाला भेटणार, धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे. रुग्णालयांचा अनुभवही फारसा धीर देणारा नव्हता. स्त्रीच्या ‘चारित्र्या’चा निवाडा करणारी ‘टू-फिंगर’ चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अयोग्य ठरवली. तरी ती चालूच राहिल्याने, अशी चाचणी करणे हे गैरवर्तन मानले जाईल, असे २०२२ मध्ये पुन्हा बजवावे लागले.

सर्वांत मोठी भीती मात्र वेगळीच असते: डॉक्टरकडे गेलो म्हणजे पोलीस, कोर्ट, बोभाटा. इथे कायदा समजून घ्यायला हवा. २०१३ पासून सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. नाकारणे हा गुन्हा आहे. रुग्णालयाला पोलिसांना कळवावे लागते, हे खरे. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, सज्ञान स्त्रीला तक्रार करायची नसेल तर तिचा नकार लिहून घ्यायचा आणि उपचार द्यायचेच. मूल १८ वर्षांखालील असेल तर ‘पॉक्सो’ कायद्याने कळवणे सक्तीचे आहे. पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि वेळ फार थोडा असतो: एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ‘बघू, जरा शांत होऊ दे’ म्हणण्यात हे तास निघून जातात.

मनाच्या जखमेला अशी मुदत नसते. वर्षांनंतरही समुपदेशकाकडे जाता येते. आपल्या शहरात २०१६ पासून ‘भरोसा’ केंद्रात पोलीस, वैद्यकीय, कायदेशीर मदत आणि समुपदेशन एका छताखाली मिळते. महिलांसाठी १८१ आणि मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत.

ही दारे उघडी आहेत; तिथपर्यंत जाण्याची वाट बहुधा आपल्याच दिवाणखान्यात अडते. म्हणून ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न आपण गिळून टाकू या. त्याऐवजी ‘तुला आत्ता काय हवंय? मी बरोबर येते’ एवढेच म्हणू या. आणि तिने न सांगता तिची गोष्ट चौथ्या माणसाला कळणार नाही, एवढी काळजी घेऊ या. झाकल्या मुठीचा फायदा आजवर गुन्हेगारालाच झाला आहे.