झुंजीचा दंड कोणाच्या हाती?

यात्रांचा हंगाम आला की गावोगावी कमिटीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, तमाशा, कुस्त्यांचा फड हे विषय संपले की कुणीतरी हळूच विचारतो, "यंदा रेड्यांची टक्कर ठेवायची का?" पीक प्रात्यक्षिकाच्या निमित्तानं गेलो असताना अशाच एका बैठकीत मी बसलो होतो. एक सदस्य म्हणाले, "साहेब, ग्रामपंचायतीनं ठराव केला, दंड कमिटीनं भरला, मग काय बिघडतंय? पन्नास रुपयेच तर आहेत!"

या बोलण्यात दोन समजुती आहेत. एक, गावाच्या ठरावाने झुंजीला परवानगी मिळते. दुसरी, पन्नास रुपये भरले की मामला मिटला. पहिली साफ चूक आहे आणि दुसरी अर्धवट खरी आहे.

प्राण्यांच्या छळाला आळा घालण्याचा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे संसद आणि विधानसभा, दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. केंद्राचा कायदा १९६० चा. राज्याला त्यात वेगळी तरतूद करायची तर राष्ट्रपतींची संमती लागते. बैलगाडा शर्यतीचं असंच झालं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये दुरुस्ती कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अंतरिम मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. त्यानुसार शर्यतीची परवानगी जिल्हाधिकारी देतात, तीही अटींवर.

पण ही सूट फक्त शर्यतीला आहे. बैलांची झुंज, रेड्यांची टक्कर, विदर्भातला कोंबडबाजार यांना ती लागू नाही. झुंजीला परवानगी देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांनाही नाही, मग सरपंचांना कुठून येणार? शेजारच्या गोव्यात धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, किती लोकप्रिय! तरीही १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. परंपरा जुनी आहे, एवढ्यावर कायदा बदलत नाही.

आता दंडाकडे वळू. १९६० च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड ठेवला. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पन्नास रुपयांत आज बैलाची वेसण तरी येते का? सदस्यांचं म्हणणं इथपर्यंत खरं.

पुढचं मात्र नीट वाचा. जनावराला झुंजीला लावणारा एका पोटकलमात येतो आणि झुंज भरवणारा, त्यासाठी जागा देणारा, तिकिटाचे पैसे घेणारा दुसऱ्या. हा दुसरा गुन्हा दखलपात्र आहे. त्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. म्हणजे "माझं रान मोकळंच आहे, घ्या वापरायला" असं म्हणणारा भला शेतकरी आधी अडकतो. मालक दोषी ठरला आणि जनावराचे पुन्हा हाल होतील असं पुराव्याने दिसलं, तर न्यायालय जनावर सरकारजमा करू शकतं. पैजा लागल्या की जुगारबंदी कायद्याचं प्रकरण वेगळं.

खरी विसंगती पुढे आहे. परवानगी असलेल्या शर्यतीत अटी मोडल्या तर राज्याच्या कायद्याने पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आणि जिला मुळात परवानगीच नाही त्या झुंजीला पन्नास रुपये! शर्यतीसाठी विधानसभेने कडक शिक्षा लिहिली, तशी झुंजीसाठीही लिहिता येईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालातच दंड वाढवण्याची गरज सांगितली होती.

काही जण म्हणतात, शिक्षेचा अधिकार गावालाच द्या. मला ते पटत नाही. वर्गणी गोळा करणारे आणि न्याय करणारे तेच असतील तर मुक्या जनावराची बाजू कोण घेणार? शिवाय एका गावात पाच हजार अन् शेजारच्या गावात माफी असं झालं, तर झुंज बंद होणार नाही, फक्त ओढा ओलांडून पलीकडे जाईल.

शिक्षा ठरवणं गावाच्या हाती नसलं, तरी झुंज होऊ न देणं गावाच्याच हाती आहे. ग्रामसभेत झुंज न भरवण्याचा ठराव करता येतो. कमिटीला त्यासाठी वर्गणी नाकारता येते. जमीनमालकाला नाही म्हणता येतं. गुन्हा होऊ न देणं आणि त्याची खबर पोहोचवणं हे पोलीस पाटलांचं कामच आहे. तक्रार करणाऱ्याने ध्यानात ठेवावं, तीन महिन्यांनंतर या कायद्याखाली खटला भरता येत नाही.

शेवटी हिशेबाची गोष्ट. खुराक घालून, पोटच्या पोरासारखा वाढवलेला बैल झुंजीत खांद्यातून गेला तर पेरणीला जू कोणाच्या मानेवर ठेवणार? ते नुकसान कमिटी भरून देत नाही. जनावराची रग दाखवायचीच असेल तर पशुप्रदर्शन भरवा. तिथं चांगल्या जनावराला नावही मिळतं आणि गिऱ्हाईकही.